घर गहाण टाकून गाऊ नकोस

वाचक विचारतात

ताई, मी २३ वर्षांची, बडोद्याची. दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे. आठव्या वर्षापासून ख्याल शिकले, विशारद झाले. कॉलेजात मजा म्हणून एका कॉयरमध्ये, म्हणजे पाश्चात्त्य समूहगानात गेले, तर तिथल्या मॅडम म्हणाल्या, तुझा आवाज सोप्रानोचा, म्हणजे बायकांमधला सगळ्यात उंच आहे. तेव्हापासून चार वर्षं मुंबईच्या एका बाईंकडे पाश्चात्त्य पद्धतीचं गाणं शिकतेय. महिन्यातून दोनदा गाडीने जाते, एरवी ऑनलाइन. ट्रिनिटीच्या संगीत परीक्षांची आठवी ग्रेड झाली आहे. आता इंग्लंडच्या एका कॉन्झर्व्हेटॉयरमध्ये (संगीत महाविद्यालयात) दोन वर्षांच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय. शिष्यवृत्ती नाही, फीत थोडी सवलत आहे. सगळं धरून नव्वद लाखांच्या घरात जातंय. बाबांची नोकरी तीनच वर्षं उरली आहे, तरी ते घर गहाण टाकू म्हणतात. आई काहीच बोलत नाही. आत्या स्वतः गाणाऱ्या आहेत, त्या म्हणतात, "हा खोटा आवाज आहे, पंधरा वर्षांची तालीम पाण्यात घालतेस." इकडे एक इव्हेंट कंपनी लग्नांत ‘ऑपेरा’ गायला बोलावतेय, रात्रीचे पंचवीस हजार. नवरात्रात गरब्याच्या ऑर्केस्ट्रातही जागा मिळतेय. मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’ या ऑपेरातल्या रात्रीच्या राणीची आरिया (एकटीने गायचं गाणं) इन्स्टावर टाकली होती, ती खूप जणांनी पाहिली. तेच पुढे न्यावं असं वाटतं. जाऊ का? थांबले तर उशीर होईल का?
– नाव छापू नये, बडोदा

सल्ला

उत्तर आधी सांगते, कारणं मागून. यंदा जाऊ नकोस. मिळालेला प्रवेश मात्र फेकून देऊ नकोस, तो पुढे ढकलता येतो का ते विचार. आणि त्या राणीला काही वर्षं तिच्या अंधारातच राहू दे.

मी ऑपेरा गायलेली नाही. पण गाणाऱ्या पोरांच्या परीक्षांना आणि ऑडिशनना पियानोवर साथ करण्यात बरीच वर्षं गेली आहेत. त्यामुळे कुणाचा आवाज कुठे ताणला जातो आणि कुणाच्या घरचे पैसे कुठे अडकतात, दोन्ही जवळून पाहिलं आहे.

वयाचं ऐक. पियानो किंवा व्हायोलिन वाजवणारा तेविसाव्या वर्षी तयार असावा लागतो. गळ्याचं तसं नाही. स्वरयंत्र पंचविशी-तिशीपर्यंत घट्ट होत जातं आणि सोप्रानोचा आवाज बहुधा विशीच्या शेवटी आपला खरा रंग दाखवतो. तू हलकी, गोड आवाजाची लिरिक आहेस, उंच स्वरांत भराभर ताना घेणारी कोलोरातुरा आहेस, की पुढे भरदार होणार आहेस, हे आज तुझ्या बाईसुद्धा छातीठोक सांगणार नाहीत. सांगत असतील तर जरा जपून राहा. प्लासिडो डोमिंगोने १९९३ मध्ये सुरू केलेल्या ऑपेरालिया स्पर्धेत बत्तिशीपर्यंतचे गायक येतात. ऑपेरा थिएटरांच्या तरुण गायकांच्या योजनांतही तिशीच्या आसपासची मुलं असतात. तेव्हा उशीर हा शब्द तुझ्या डोक्यातून काढ. तो बहुतेक लग्न जमवणाऱ्या नातेवाइकांकडून आला असावा.

आता पैसे. नव्वदातले साठ लाख कर्जाने घेतले आणि व्याज साडेदहा टक्के धरलं, तर १५ वर्षं दरमहा सहासष्ट हजारांच्या आसपास हप्ता बसतो. साडेसात लाखांपुढच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात, म्हणजे ते घर आलंच. शिकत असताना चढणारं व्याज वेगळं. हा हप्ता सुरू होईल तेव्हा बाबा निवृत्त झालेले असतील आणि तू काय करत असशील? मास्टर्स करून बाहेर पडलेली पंचवीस वर्षांची सोप्रानो रंगमंचावर क्वचित असते. ती रविवारी चर्चच्या कॉयरमध्ये पगारी गाते. हौशी कॉयर हॅण्डलचं ‘मसाया’ किंवा विवाल्डीचं ‘ग्लोरिया’ करतात, तिथे एखाद्या संध्याकाळची सोलो घेते. लहान मुलांना शिकवते. मोठ्या गायिकेची भूमिका पाठ करून विंगेत बसते, ती आजारी पडलीच तर उभं राहायला. याला ‘कव्हर’ म्हणतात. मधल्या वेळात कॅफेत काम करते आणि ऑडिशनच्या गाडीभाड्याचे पैसे स्वतःच भरते. यात कमीपणा काही नाही, बहुतेक चांगल्या गायिका याच वाटेने गेल्या आहेत. पण ज्या मुलीच्या डोक्यावर सहासष्ट हजारांचा हप्ता आहे ती या वाटेवर टिकत नाही. दुसऱ्या वर्षी ती विमा कंपनीत नोकरी धरते आणि गाणं शनिवार-रविवारपुरतं उरतं.

म्हणून दोन वर्षं इथे राहून तयारी कर आणि मग शिष्यवृत्तीच्या तयारीनिशी पुन्हा ऑडिशन दे. तयारी म्हणजे नुसता रियाज नव्हे. त्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तुझी खरी दौलत आणि खरी अडचण दोन्ही एकाच ठिकाणी आहेत: त्या पंधरा वर्षांच्या तालमीत.

तुझा षड्ज काळी पाचचा असेल असं धरते. म्हणजे साधारण २३३ हर्ट्झ. ख्यालात तू मंद्र पंचमापासून तार पंचमापर्यंत फिरतेस आणि बहुतेक गाणं छातीच्या आवाजात असतं. सोप्रानोचा वरचा सी म्हणजे १०४७ हर्ट्झच्या आसपास. तुझ्या हिशेबाने तो अतितार सप्तकातला शुद्ध रिषभ. तुझी तालीम जिथे संपत होती त्याच्या कितीतरी वर. तिथे छातीचा आवाज ओढून नेता येत नाही. स्वरतंतू ताणून पातळ करणारे स्नायू पुढाकार घेतात आणि ते तंतू सेकंदाला हजारावर वेळा थरथरतात. आत्यांना जो खोटा आवाज वाटतो तो हा. त्यांचं अगदीच चुकत नाही. आपल्याकडे गायक वर अडला की पोकळ, हवा गळणारा आवाज काढतो, त्याला खोटा म्हणतात आणि बरोबरच म्हणतात. पण शिकलेल्या सोप्रानोच्या आवाजात हवा गळत नाही. तंतू पूर्ण मिटतात, श्वासाचा आधार बरगड्यांपासून मिळतो आणि माइक नसताना तो आवाज ऑर्केस्ट्राच्या वरून शेवटच्या रांगेपर्यंत जातो. माइकशिवाय नाट्यगृह भरणं आपल्या संगीत नाटकवाल्यांना काही नवं नव्हतं. आत्यांना एकदा हे असं सांगून बघ. आणि "हे आपल्याकडचं नाही" असं कुणी म्हणालं, तर त्यांना आपल्याच गावाची आठवण दे. सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये इथे गायनशाळा काढली, मौलाबक्ष तिचे प्रमुख होते, आणि त्यांचा मुलगा अलाउद्दीनखाँ पठाण पाश्चात्त्य संगीत शिकायला इंग्लंडला गेला होता. बडोद्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आता खर्च उचलणारे महाराज नाहीत, एवढाच फरक.

तर या तालमीतलं काय उपयोगी पडेल? कान, पहिल्यांदा. तंबोऱ्यावर पंधरा वर्षं घालवलेली मुलगी बेसूर व्हायला लागली की तिला आधी कळतं, साथीदाराला नंतर. मग तान. हॅण्डलच्या लांबलचक धावत्या जागा पाहून परदेशी विद्यार्थी घाबरतात, तुला त्या हाताशी असतील. फक्त तिथे गमक चालणार नाही, प्रत्येक स्वर वेगळा आणि स्वच्छ लागला पाहिजे, आणि ‘ह-ह-ह’ करून तो वेगळा काढायचा नाही. हॅण्डलच्या काळातल्या, म्हणजे बरोक आरियात पहिला भाग परत येतो तेव्हा अलंकार घालायचे असतात. तिथे तुझं मन रमेल, हात आखडता घे.

नडणार काय? मींड. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सवय इतकी मुरलेली असते की तुझ्या लक्षातही येत नाही. पियानोवर बसणाऱ्याला मात्र पहिल्या ओळीत कळतं. स्वतःचं रेकॉर्डिंग लाव आणि फक्त स्वरांच्या सुरुवाती ऐक. दुसरं म्हणजे हलणारा षड्ज. इथे एकाच गाण्यात मध्येच सा दुसरीकडे सरकतो आणि परत येतो. तंबोऱ्याला बांधलेला कान तिथे अडखळतो. घरी तंबोरा ॲपवर लावून आरिया घोळवत असशील तर ते आजच बंद कर. तिसरं, वाचन. आपल्याकडे गुरूंच्या तोंडून घेतो, नोटेशन आठवणीपुरतं. तिकडे दुपारी कागद हातात देतात आणि संध्याकाळी कंडक्टरच्या काठीकडे बघत गायचं असतं. आठवी ग्रेड झाली म्हणजे वाचता येतं हे खरं, पण रोज अर्धा तास न पाहिलेलं वाचायचं. कॉयर सोडला असशील तर परत धर, त्याच्याइतकी वाचनाची दुसरी शाळा नाही.

आणि भाषा. यात बहुतेक भारतीय मुलींचे गुण जातात. इटालियन, जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी या चारही भाषांत गाता आलं पाहिजे. ऑडिशनला साधारण पाच आरिया तयार लागतात आणि त्यांत ही विविधता बघतात. ऐकून ऐकून उच्चार उचलू नकोस. एक एक शब्द अर्थासकट लिहून काढ, क्रियापद कुठलं, ते कुणाला उद्देशून, सगळं. गंमत अशी की वरच्या पट्टीत गेल्यावर ‘ई’ म्हटलेली ‘ई’ राहतच नाही, ती ‘आ’कडे उघडावी लागते, नाहीतर आवाज पिळवटतो. तेव्हा शब्द खाली, मधल्या पट्टीत स्वच्छ ठेवावे लागतात, म्हणजे वर ते सांडले तरी ऐकणाऱ्याच्या कानात राहतात. हे नुसत्या कानाने जमत नाही, भाषा यावी लागते. दोन वर्षांत एक तरी भाषा बोलण्याइतकी शीक. माझं मत विचारशील तर जर्मन.

कारण सांगते. जर्मनीतल्या सरकारी संगीत महाविद्यालयांत बहुतेक ठिकाणी शिकवणीची फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो पडतात, तरी इंग्लंडच्या मानाने काहीच नाही. राहण्याच्या खर्चासाठी व्हिसाच्या वेळी वर्षाचे जवळपास १२ हजार युरो खात्यात अडकवून दाखवावे लागतात. प्रवेश परीक्षा तिथे जाऊन द्यावी लागते, जागा थोड्या, आणि भाषेचं प्रमाणपत्र हवं. सोपं अजिबात नाही. पण त्या देशात सरकारी पैशावर चालणारी ऐंशीच्या आसपास ऑपेरा थिएटरं आहेत आणि त्यांतल्या अनेकांत गायक महिन्याच्या पगारावर असतात. कॉयरमध्येही पगारी जागा असतात. ऑपेराला पोटापाण्याचा धंदा म्हणून बघायचं तर तो देश तुझ्या यादीत हवा.

इंग्लंड मनात असेल तर तेही कर, पण शिष्यवृत्तीसाठी नव्याने ऑडिशन देऊन. तिथल्या बहुतेक संस्थांचे अर्ज आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच बंद होतात, म्हणजे उन्हाळ्यातच रेकॉर्डिंग तयार लागतं. घरातल्या हॉलमध्ये, पंख्याच्या आवाजात, ट्रॅक लावून केलेलं चालत नाही. एक कॅमेरा, न कापलेलं, खराखुरा पियानो. फतेहगंजातल्या एखाद्या चर्चच्या सभागृहाची दुपार मिळते का विचार. जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून परदेशी उच्च शिक्षणाला कर्जाऊ शिष्यवृत्ती देतं, इनलॅक्स या शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेकडेही अर्ज कर. कुठल्याही एकावर विसंबू नकोस.

राणीची गोष्ट. त्या आरियातला सगळ्यात वरचा एफ म्हणजे तुझा अतितार पंचम. १७९१ मध्ये व्हिएन्नात मोझार्टने ती भूमिका आपली मेहुणी योसेफा होफर हिच्यासाठी लिहिली, तेव्हा ती तेहतीस वर्षांची, रंगमंचावर मुरलेली गायिका होती. तुझा व्हिडिओ लोकांनी पाहिला तो वरच्या स्वरांसाठी. ऑडिशनला बसलेले लोक मधल्या स्वरांकडे बघतात, ओळ कशी बांधतेस, श्वास कुठे घेतेस, शब्दाचा अर्थ चेहऱ्यावर आधी येतो की नंतर, याकडे. वरचे स्वर आहेत हे त्यांना स्वरसाधनेतच कळतं. मोझार्टच्याच ‘फिगारो’मधली बार्बारिना, ‘डॉन जोव्हानी’तली झर्लिना, अशा मुली तुझ्या मापाच्या आहेत. बार्बारिनाची आरिया तर इतकी छोटी की संपली कधी ते कळत नाही, एक हरवलेली टाचणी शोधताना ती गाते. ती नीट गाऊन दाखव, मग बोलू. शूबर्टची आणि फोरेची गाणी घे, हॅण्डल-पर्सेल घे. पुच्चीनीच्या ऑपेरांना हात लावू नकोस. कुणी कितीही आग्रह केला तरी.

गरब्याला सरळ नाही म्हण. नऊ रात्री, तासन् तास, ढोल-ताशे आणि स्पीकरच्या भिंतीपुढे, छातीच्या आवाजात, स्वतःचाच आवाज ऐकू येत नसताना गायचं, म्हणजे चार वर्षांचं काम नऊ दिवसांत उसवायचं. गरबा खेळायला जा की, गाऊ नकोस. खेळतानाही ओरडू नकोस, हे मात्र तुला पाळता येईल असं वाटत नाही.

लग्नांचं वेगळं आहे. मी त्याला नाक मुरडणार नाही, पंचवीस हजार ही रक्कम मुंबईच्या बऱ्याच तासांची फी आहे. नवरीच्या प्रवेशाला ते बहुतेक ‘कॉन ते पार्तिरो’ मागतील. ते ऑपेरातलं नाहीच, १९९५ चं इटालियन पॉप गाणं आहे. गा. पण आधी लिहून घे: किती मिनिटं, कुठे, कुठल्या पट्टीत. हिवाळ्यात रात्री साडेअकराला उघड्या लॉनवर उभं करतील आणि वरात यायची असते म्हणून दोन तास थांबवतील. तुझा नंबर दहाच्या आत लागला पाहिजे, नाहीतर जाऊ नकोस. आणि बऱ्याच कंपन्यांना गायिका नकोच असते, त्यांना झगा घालून तयार ट्रॅकवर ओठ हलवणारी मुलगी हवी असते. तसं असेल तर नाव छापायला देऊ नकोस. महिन्याला एक-दोन, त्याच्यावर नाही.

ऐकणारे कुठे मिळणार, हा प्रश्न तू विचारलेला नाहीस, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मुंबईत १९५६ पासून परांज्योती कॉयर गातोय, नाताळच्या सुमारास तिथल्या कॉयरना सोलो गाणारे लागतात. बाईंना सांग की मला छोट्यातली छोटी सोलो चालेल. पॅट्रिशिया रोझारिओ मुंबईची, लंडनला शिकून मोठी सोप्रानो झाली. संगीतकार जॉन टॅव्हनरने तिच्यासाठी कितीतरी रचना केल्या. तीन दशकांहून अधिक मुक्काम तिकडे, तरी २००९ पासून ती भारतातल्या तरुण गायकांना शिकवायला येते. २०१६ मध्ये मुंबईचं रॉयल ऑपेरा हाउस तेवीस वर्षांनी उघडलं तेव्हा तिथे तीच गायली. अशा शिबिरात जागा मिळाली तर सोडू नकोस. एका आठवड्यात दहा वेगळे आवाज ऐकायला मिळतात, आणि आपण कितव्या पायरीवर आहोत हे कुणी न सांगता कळतं.

बडोद्यातही गा. चाळीस माणसांपुढे, पाऊण तास, पियानोबरोबर, प्रत्येक गाण्याआधी मराठीत नाहीतर गुजरातीत दोन वाक्यं सांगून. आत्यांना बोलाव, पण पहिल्या रांगेत बसवू नकोस. हा आवाज जवळून टोचतो, पाचव्या-सहाव्या रांगेत गोल लागतो. त्यांना पटेलच असं नाही. नाही पटलं तरी त्यांच्याकडे महिन्यातून एकदा मंद्रातला खर्ज लावायला जात जा. खालचा आवाज मोकळा राहतो आणि घरही राहतं.

बाबांना हा परिच्छेद वाचून दाखव. साहेब, मुलीसाठी घर टाकायला तयार होणारे वडील फार नसतात, त्याबद्दल नमस्कार. पण तेच पैसे वेगळ्या रीतीने घाला. त्या नव्वदातले सहा-सात लाख दोन वर्षांत इथेच खर्च करा: दर आठवड्याला मुंबईची तालीम, जर्मनचा वर्ग, तासावारी साथीला येणारा पियानोवादक, घरात ८८ पट्ट्यांचा चांगला डिजिटल पियानो, आणि शेवटी एकदा युरोपात जाऊन चार-पाच ठिकाणी प्रत्यक्ष ऑडिशन. एवढं करून कुठेच जागा मिळाली नाही, तर घर तुमचंच आहे. आणि आई गप्प का आहेत, हे कुणीतरी त्यांना शांतपणे विचारा. त्यांनी हिशेब आधीच केलेला असेल असा माझा अंदाज आहे.

संस्थेला ईमेल याच आठवड्यात पाठव, प्रवेश स्वीकारायची तारीख उलटायच्या आत. त्यात तीनच गोष्टी विचार: प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का, तसं केल्यास शिष्यवृत्तीसाठी पुन्हा ऑडिशन देता येईल का, आणि यंदाच्या ऑडिशनवर परीक्षकांचा अभिप्राय मिळेल का. पहिल्या दोनांना नकार येऊ शकतो. तिसऱ्याचं उत्तर आलं तर ते बाईंना दाखव आणि मलाही कळव.